स्नायूंतील झोपलेल्या पेशींची हकीकत

कांजूरमार्गच्या रुळांच्या पूर्वेस खाडीपर्यंत एके काळी मिठागरे पसरलेली होती. पश्चिमेस आग्रा रोडच्या, म्हणजे आजच्या लालबहादूर शास्त्री मार्गाच्या कडेने कारखाने उभे राहिले. आणि त्यापलीकडे, पवईच्या तळ्याकाठी, १९५८ साली स्थापन झालेल्या तंत्रज्ञान संस्थेने आपला संसार थाटला. उन्हात मीठ ओढणारा आगरी असो, रात्रपाळीचा कामगार असो, की सकाळच्या गाडीला लोंबकळणारा कारकून असो, ह्या सर्वांच्या हातापायांत रोज काही ना काही तुटत असते. बेताबाहेर ओझे उचलले की स्नायूंचे बारीक तंतू फाटतात, दोन दिवस अंग ठणकते आणि मग सारे पूर्ववत होते. हे पूर्ववत कोण करतो? प्रश्न साधा दिसतो खरा. परंतु त्याच्या उत्तराचा धागा हाती लागण्यास १९६१ साल उजाडावे लागले.

पुढे जाण्यापूर्वी शब्दांचा एक घोटाळा निस्तरला पाहिजे. सुश्रुताने शरीरात पाचशे ‘पेशी’ आणि नऊशे ‘स्नायू’ मोजले आहेत. त्याची पेशी म्हणजे मांसाचा गोळा, आणि त्याचा स्नायू म्हणजे सांधे बांधणारी दोरी. मराठीने मांसाला स्नायू म्हटले आणि पेशी हा शब्द शरीराच्या सूक्ष्म घटकाला देऊन टाकला. सुश्रुताची ह्यास हरकत असती, पण आता रूढीपुढे इलाज नाही. आम्ही रूढ अर्थच घेणार आहो.

रोगाचा इतिहास उपायाच्या इतिहासापेक्षा जुना आहे. १८५२ साली लंडनच्या एडवर्ड मेरियन ह्या वैद्याने काही मुलग्यांची हकीकत प्रसिद्ध केली. त्यांचे स्नायू हळूहळू निकामी होत गेले होते, आणि सूक्ष्मदर्शकाखाली तंतूंवरील वेष्टनच फाटलेले दिसले. १८६८ मध्ये पॅरिसच्या द्युशेनने ह्याच विकाराचे सविस्तर वर्णन केले, आणि नाव त्याचेच चिकटले. मुलगा चार-पाच वर्षांचा झाला की जिना चढताना अडखळतो, जमिनीवरून उठताना स्वतःच्या मांड्यांवर हात टेकीत उठतो. पोटऱ्या मात्र पहिलवानासारख्या फुगलेल्या दिसतात. पुढे चालणे थांबते, आणि शेवटी श्वासाचे व हृदयाचे स्नायूही सुटत नाहीत. ह्या रोगात डिस्ट्रोफिन नावाचे प्रथिन नसते, हे १९८७ साली बोस्टनच्या लुई कुंकेल ह्यांच्या प्रयोगशाळेने दाखविले. ते नसल्यामुळे तंतू रोजच्या हालचालीनेच फाटतो. दुरुस्ती होते, पुन्हा फाटतो, पुन्हा दुरुस्ती. आणि एक दिवस दुरुस्ती हरते व मांसाच्या जागी चरबी आणि चिवट जाळे साठते.

ही दुरुस्ती करणारा कारागीर अलेक्झांडर मॉरो ह्यांना १९६१ साली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत दिसला. बेडकाच्या पायाचा स्नायू ते इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहत होते. तंतूचे स्वतःचे पटल आणि त्यावरचे बाहेरचे वेष्टन ह्यांच्या सांदीत त्यांना एक चपटी पेशी चिकटून बसलेली आढळली. ती जवळजवळ सगळी केंद्रकानेच भरलेली होती, आणि तिला काही काम असावे असे दिसत नव्हते. त्यांनी तिला ‘उपग्रह पेशी’ म्हटले. स्पुटनिकला चारच वर्षे झाली होती, तेव्हा हा शब्द कोणाला परका वाटला नसेल! मॉरोंनी तेव्हाच तर्क केला की स्नायूची डागडुजी करणारी हीच असावी. पूर्ण वाढलेल्या तंतूची केंद्रके पुन्हा विभागत नाहीत. मग नवे द्रव्य कोठून तरी यावयास हवे. हा तर्क पुरता सिद्ध होण्यास पन्नास वर्षे लागली. २०११ साली उंदरांतील ह्या पेशी नाहीशा करून पाहिल्या, तेव्हा जखमी स्नायू भरून येईना. हे दाखविणाऱ्यांत पॅरिसच्या पाश्चर संस्थेतील रामकुमार संबशिवन हे होते.

मध्यंतरी मोठी आशा आणि तितकीच मोठी निराशा होऊन गेली. १९८९ साली लंडनचे टेरेन्स पार्ट्रिज ह्यांनी निरोगी स्नायुपेशी रोगी उंदरात टोचल्या, आणि उंदराच्या तंतूंत डिस्ट्रोफिन दिसू लागले. लगेच मुलांवर प्रयोग सुरू झाले. फळ जवळजवळ शून्य. टोचलेल्या बहुतेक पेशी काही दिवसांतच मरत, आणि उरलेल्या सुईच्या वाटेपासून फार दूर जात नसत. ज्यांच्या घरी असा मुलगा असेल त्यांना ही चार वाक्ये वाचतानाही जड जाईल.

निराशेचे कारण २००५ साली उमगू लागले. पार्ट्रिज ह्यांच्याच गटाने पेशी बशीत न वाढवता एक अखंड तंतू त्याच्या अंगच्या उपग्रह पेशींसह रोवला. अवघ्या सात पेशींपासून शंभरांहून अधिक नवे तंतू निर्माण झाले! म्हणजे सांदीत झोपलेली पेशी आणि बशीत जागी करून वाढविलेली पेशी ह्यांच्या कर्तृत्वात जमीन-अस्मानाचा फरक. म्हणून झोप हाच अभ्यासाचा विषय ठरला.

ह्या विषयात हैदराबादच्या पेशीय व रेण्वीय जीवशास्त्र केंद्रातील ज्योत्स्ना धवन ह्यांचे काम आम्हाला विशेष वाटते. अमेरिकेत स्टॅनफर्ड येथे हेलन ब्लाउ ह्यांच्याकडे काम करून त्या भारतात परतल्या. झोपेचा अभ्यास करायचा तर पेशींना हुकमी झोपवता आले पाहिजे. स्नायुपेशीला पाय टेकायला पृष्ठभाग लागतो. ती दाट, चिकट द्रवात तरंगत ठेवली की विभागणे थांबविते. पुन्हा बशीवर सोडली की सगळ्या पेशी एकदमच जाग्या होतात. ह्या युक्तीने त्यांच्या गटाने झोपेतील कारभार तपासला. झोप म्हणजे नुसते काम बंद नव्हे. अमुक जनुके दाबून, तमुक तयारीत ठेवून बसणे, हे पेशीला सतत करावे लागते. पीआरडीएम-२ हे प्रथिन ह्या पहाऱ्यात आहे, असे त्यांनी २०१५ मध्ये मांडले. ते काढून घेतले की विश्रांती बिघडते. घरातील वडीलधारे माणूस नुसते ओट्यावर बसलेले दिसते, पण त्याचे लक्ष सगळीकडे असते, तसेच हे.

म्हातारपणाचे कोडे ह्याच पेशीपाशी येते. १९८९ साली मिशिगनच्या कार्लसन आणि फॉकनर ह्यांनी म्हाताऱ्या उंदराचा स्नायू तरुण उंदरात बसविला, तर तो तरुणासारखा भरला. तरुणाचा म्हाताऱ्यात बसविला, तर रडतखडत भरला. दोष बियाणाचा नसून जमिनीचा, असे वाटले. २०१४ मध्ये ब्लाउ ह्यांच्या गटाने दाखविले की बियाणेही पुष्कळसे थकलेले असते. दोन्ही खरे आहे. वृद्धांसाठी औषध निघायचे तर ते दोहोंना लागू पडावे लागेल.

आता आपल्या शहराविषयी. बॉम्बे हॉस्पिटलचे डॉ. सतीश खाडिलकर ह्यांच्यासमोर कंबर आणि खांदे दुबळे झालेले तरुण रुग्ण येत. त्यांत अगरवाल समाजातील कुटुंबे पुन्हा पुन्हा दिसत. कॅल्पेन-३ ह्या प्रथिनाचे जनुक ह्या रोगात बिघडते, हे १९९५ साली फ्रान्समध्ये, रेयुनियन बेटावरील घराण्यांच्या आधारे कळले होते. खाडिलकर आणि त्यांचे सहकारी, अटलांटाच्या माधुरी हेगडे ह्यांच्यासह, २०१३ साली सांगू शकले की ह्या समाजात दोनच जुने बिघाड पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहेत. दोन वाहक एकमेकांशी विवाहबद्ध झाले, तर प्रत्येक अपत्याला चारांत एक एवढा धोका. ह्याचा व्यावहारिक उपयोग असा की संशय आल्यास अवाढव्य जनुक पहिल्यापासून वाचत बसण्याऐवजी आधी त्या दोन जागा तपासता येतात. त्यात पैसे वाचतात, आणि निदानाविना हिंडण्याची वर्षेही.

एक धोक्याची गोष्ट मात्र सांगितलीच पाहिजे. मूळपेशींच्या सुया टोचून हा रोग बरा करतो, असे सांगणारे लोक आहेत. भारताच्या २०१७ च्या राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनी मूळपेशींचा मान्य उपचार रक्तपेशींच्या रोपणाने बऱ्या होणाऱ्या विकारांपुरताच ठेवला आहे. बाकी सारे मंजुरी घेतलेल्या चाचणीतच व्हायचे, आणि चाचणीत रुग्णाकडून पैसे घ्यायचे नसतात. जो पैसे मागतो, त्याच्याकडून मंजुरीचा कागद मागावा.