समासाची आठ घरे : लिनक्सच्या लेखननियमांचा इतिहास

लेखनाचे नियम नेमके कोणासाठी असतात, हा प्रश्न मराठीच्या वर्गात दरवर्षी कोणीतरी विचारतेच. मराठी साहित्य महामंडळाने १९६२ मध्ये चौदा नियम केले, १९७२ मध्ये त्यांत चारांची भर पडली, एवढ्या उत्तराने विद्यार्थ्याचे समाधान होत नाही. ऱ्हस्वाच्या जागी दीर्घ लिहिले तरी अर्थ कळतोच. मग हा आग्रह कशासाठी? या प्रश्नाच्या निमित्ताने आपल्या क्षेत्रापासून दूरचे एक उदाहरण पाहण्याजोगे आहे. ते आहे लिनक्स या मुक्त संगणकप्रणालीच्या गाभ्याचे, म्हणजेच कर्नलचे.

लिनस टोरवाल्ड्स यांनी हेलसिंकी येथे विद्यार्थिदशेत, १९९१ मध्ये, कर्नलचे लेखन सुरू केले. ते मुख्यतः 'सी' भाषेत आहे. डेनिस रिची यांनी बेल प्रयोगशाळेत घडवलेल्या या भाषेत समास किती सोडला, ओळ कोठे तोडली, याच्याशी यंत्राला जवळजवळ काहीच कर्तव्य नसते. वाकडातिकडा लिहिलेला मजकूरही यंत्र निमूटपणे वाचते. तेव्हा मांडणीचे नियम उरतात ते माणसांपुरतेच.

टोरवाल्ड्स यांनी लिहिलेली नियमावली वाङ्मयीन दृष्टीनेही वाचनीय आहे. प्रत्येक पायरीला समास आठ घरांचा असावा, हा तिचा पहिला दंडक. आठ घरांमुळे ओळी उजवीकडे फार सरकतात, ही तक्रार तिला मान्य नाही. तीनपेक्षा अधिक पायऱ्या लागत असतील, तर दोष समासाचा नसून रचनेचा आहे, असे ती बजावते. महिरपी कंसांसाठी ती कर्निघन आणि रिची यांचा दाखला देते. परंपरेचा आधार येथेही लागतोच. रिचर्ड स्टॉलमन यांच्या ग्नू प्रकल्पाची नियमावली मात्र छापून घ्यावी आणि न वाचता जाळावी, असा तिचा सल्ला आहे. आपल्याकडील वाङ्मयीन वादांच्या वाचकाला हा सूर ओळखीचा वाटेल.

ओळ ऐंशी अक्षरांची असावी, या नियमाचा उगम आणखी जुना आहे. १९२८ मध्ये आयबीएमने आणलेल्या छिद्रपत्रावर ऐंशी स्तंभ असत. छिद्रपत्रे गेली, पण त्यांची रुंदी पुढच्या पडद्यांवर उतरली. २०२० मध्ये कर्नलच्या तपासणी-साधनाने ही मर्यादा शंभरापर्यंत सैल केली. तरी नियमावलीची पसंती ऐंशीलाच राहिली. कारण नाहीसे झाल्यावरही नियम टिकतो, हे भाषेच्या अभ्यासकाला नवे नाही.

येथवर प्रश्न मांडणीचा होता. २००३ मध्ये तो स्वामित्वाचा झाला. एससीओ या कंपनीने आयबीएमवर दावा लावला. युनिक्सवरील आपल्या हक्काचा मजकूर लिनक्समध्ये शिरला आहे, असा तिचा आरोप होता. हजारो हातांनी लिहिलेल्या ग्रंथातील कोणती ओळ कोणाची, हे सिद्ध कसे करायचे? पाठचिकित्सा शिकवणाऱ्याला या प्रश्नाचे गांभीर्य सांगावे लागत नाही. २००४ मध्ये नवा दंडक आला. प्रत्येक दुरुस्तीखाली लिहिणाऱ्याने स्वतःच्या नावाची ओळ लिहायची. हा मजकूर माझा आहे किंवा तो देण्याचा मला अधिकार आहे, अशी ती ग्वाही असते. दुरुस्ती पुढे पाठवणारा प्रत्येक जण त्याखाली आपले नाव जोडतो. पोथीच्या अखेरीस लेखनिकाने नाव नोंदवावे, तशी ही परंपरा. युनिक्सचे स्वामित्वहक्क नॉव्हेलकडे असल्याचा निर्णय २०१० मध्ये ज्यूरीने दिला आणि आयबीएमशी असलेला वाद २०२१ मध्ये तडजोडीने मिटला. नावांची ओळ मात्र कायम राहिली.

तिसरे वळण माणसांच्या परस्परवर्तनाचे. नियमावलीतला तिखट सूर वाचताना गंमत वाटते; तोच सूर नवख्याच्या कामाच्या वाट्याला आला की तो घाव ठरतो. सप्टेंबर २०१८ मध्ये टोरवाल्ड्स यांनी आपल्या वागण्याबद्दल जाहीर क्षमा मागितली आणि काही काळ काम बाजूला ठेवले. त्याच महिन्यात प्रकल्पाने नवी आचारसंहिता स्वीकारली. जुलै २०२० मध्ये शब्दांचीही पाळी आली. यंत्रभागांमधील संबंधांसाठी रूढ असलेली 'मालक' आणि 'गुलाम' ही जोडी, तसेच 'काळी यादी' हा शब्द नव्या लेखनात टाळावा, असे ठरले. जुन्या मजकुरात आणि ठरलेल्या मानकांत ते राहू शकतात. भाषेची शुद्धी एका दिवसात होत नाही, एवढे भान तेथे दिसते.

समास, सही आणि शब्द. या तिन्ही नियमांमागे एकच अडचण आहे. एकमेकांना कधीही न भेटलेल्या माणसांना एकच ग्रंथ लिहायचा आहे, आणि आज लिहिलेली ओळ वीस वर्षांनी कोणी अनोळखी माणूस दुरुस्त करणार आहे. त्याला ती वाचता यावी, कोणाची ते कळावे आणि वाचताना अपमान वाटू नये. विद्यार्थ्याच्या वहीतील ऱ्हस्वदीर्घावर लाल रेघ ओढताना आपण हे कारण कधी सांगतो का? की आपल्यालाही जाळण्याच्या सल्ल्यातला तिखटपणाच अधिक आवडतो?