योसेमिटीचें निर्जन चित्र

यादवी युद्ध ऐन भरांत असतां, ३० जून १८६४ रोजीं, अमेरिकेचे अध्यक्ष अब्राहम लिंकन यांनीं एका लहानशा कायद्यावर सही केली. योसेमिटीचें खोरें व जवळचें प्रचंड वृक्षांचें एक बन कॅलिफोर्निया संस्थानाच्या स्वाधीन करून, तीं लोकांच्या विहारासाठीं कायमचीं राखावीं, असा त्याचा आशय होता. लिंकन यांनीं तें खोरें कधींच पाहिलें नव्हतें. तथापि पूर्वेकडील सुशिक्षितांस तें अपरिचित राहिलें नव्हतें. याचें श्रेय बऱ्याच अंशीं कार्लटन वॉटकिन्स या छायाचित्रकाराकडे जातें.

१८६१ सालीं वॉटकिन्स त्या दुर्गम प्रदेशांत शिरला. त्या काळीं मोठें चित्र हवें, तर कांचही तेवढीच मोठी लागे. म्हणून त्यानें १८ बाय २२ इंच मापाच्या कांचा घेणारा कॅमेरा मुद्दाम करविला, आणि तो, तंबू व रसायनें खेचरांच्या पाठीवर लादून नेलीं. कांचेवर कलोडियनचा लेप द्यावा, काळोख्या तंबूंत ती रौप्यक्षाराच्या द्रावणांत बुडवावी, आणि ओली असतांच चित्र घेऊन लागलीच धुवावी. लेप वाळला कीं श्रम व्यर्थ! अशा खटपटीनें त्यानें सुमारें तीस मोठीं चित्रें आणिलीं. १८६२ सालीं न्यूयॉर्क शहरीं त्यांचें प्रदर्शन झालें. कायद्याच्या यशांत त्यांचा वाटा होता, असें इतिहासकार मानतात.

तीं चित्रें पाहतां हें खोरें मनुष्यस्पर्श न झालेलें वाटतें. वस्तुस्थिति निराळी आहे. अव्हानीची लोकांचीं गांवें तेथें पिढ्यान्‌पिढ्या वसलेलीं होतीं. वॉटकिन्स येण्यापूर्वीं अवघीं दहा वर्षें, १८५१ सालीं, मॅरिपोसा पलटणीनें त्यांस हुसकून लावलें व त्यांचे अन्नाचे सांठे जाळले. पुढें त्यांतील कांहीं परतले. परंतु कायद्याच्या मजकुरांत त्यांचा उल्लेख नाहीं. ज्या मोकळ्या कुरणांमुळें ते कडे कॅमेऱ्यास निर्वेध दिसले, तीं कुरणें याच लोकांनीं वेळोवेळीं गवत जाळून राखलेलीं होतीं!

खुद्द वॉटकिन्सच्या वांट्यासही सुख आलें नाहीं. १९०६ च्या भूकंपानंतरच्या आगींत त्याची चित्रशाळा जळाली. १९१६ सालीं वेड्यांच्या इस्पितळांत तो वारला. त्याच्या नांवाचें शिखर मात्र योसेमिटींत उभें आहे.

या चित्रांनीं एक अलौकिक स्थळ वांचविण्यास हातभार लावला, हें श्रेय त्यांस दिलेंच पाहिजे. परंतु त्यांतील कड्यांवरून दृष्टि खालीं उतरली, म्हणजे तें रिकामें कुरण कोणाच्या हातचें, हें विसरतां कामा नये.