श्रीगुरुदेव सेवा मंडळ व चांदा जिल्ह्यातील ग्रामसेवा

मंदिराचा जीर्णोद्धार हा गावाच्या आयुष्यातील भाग्याचा प्रसंग होय. या निमित्ताने निघणाऱ्या स्मरणिकेत दगड, चुना, कळस व देणगीदार यांचा हिशेब येतो, व तो यायलाच हवा. परंतु ज्या माणसांनी देवळाबाहेरचे अंगण झाडले, गावाची गटारे काढली आणि रात्रीच्या कंदिलाखाली चार अक्षरे शिकविली, त्यांचा हिशेब कोणत्याही पावती-पुस्तकात सापडत नाही. चंद्रपूर व गडचिरोली या दोन जिल्ह्यांत अशी माणसे गावोगाव झाली, आणि त्यांतील फार मोठा वर्ग भगवी टोपी घालणारा, म्हणजेच श्रीगुरुदेव सेवा मंडळाचा होता. हे दोन्ही जिल्हे २६ ऑगस्ट १९८२ पर्यंत एकच होते व जुन्या लोकांच्या तोंडी त्याचे नाव चांदा असेच होते, हे नव्या पिढीच्या माहितीसाठी येथे नमूद करणे इष्ट ठरेल.

या मंडळाचे प्रणेते राष्ट्रसंत तुकडोजी महाराज यांचा जन्म ३० एप्रिल १९०९ रोजी अमरावती जिल्ह्यातील यावली या गावी झाला. मूळ नाव माणिक, वडिलांचे नाव बंडोजी व मातोश्रींचे मंजुळाबाई. घरची परिस्थिती अत्यंत गरिबीची. वरखेडच्या आडकोजी महाराजांनी या मुलाला 'तुकड्या' हे नाव दिले व तेच पुढे जगाने उचलले. लहान वयातच घर सोडून हा मुलगा चिमूरच्या जंगलात आला. चिमूर तालुक्यातील गोंदेडा येथील गुंफा व रामदेगीचे अरण्य ही ठिकाणे आजही त्यांची तपोभूमी म्हणून ओळखली जातात. म्हणजे जन्म वऱ्हाडचा असला तरी त्यांची घडण आपल्या झाडीत झाली. आपल्या भागातील लोकांना त्यांच्याविषयी जी घरची माया वाटते तिचे मूळ येथे आहे.

सन १९३५ मध्ये त्यांनी मोझरी येथे गुरुकुंज आश्रम स्थापन केला. सन १९३६ मध्ये ते महात्मा गांधींच्या सहवासात सेवाग्रामला काही काळ राहिले. जंगलात एकांत शोधणारा साधू खंजिरी घेऊन गावाच्या चावडीपुढे उभा राहिला, आणि देवाच्या भजनातच तो झाडू, शाळा, दारूबंदी, अस्पृश्यता या विषयांवर बोलू लागला. खंजिरीचा आवाज मोठा, शब्द साधे, चाली लगेच तोंडी बसणाऱ्या. ज्याला अक्षर ओळखता येत नव्हते तोही भजन घेऊन घरी जात असे. आरंभी गावोगाव आरती मंडळे निघाली व त्यांतूनच पुढे सेवा मंडळाची बांधणी झाली.

चिमूरचा इतिहास सांगितल्याशिवाय या मंडळाचे महत्त्व कळणार नाही. त्या काळी चिमूर हे वरोरा तहसिलीतील मोठे गाव होते. श्रीहरी बालाजीचे देवस्थान व त्याची घोडायात्रा यामुळे त्याचे नाव दूरवर गेलेले. महाराजांच्या भजनांनी हा परिसर भारावलेला असताना ऑगस्ट १९४२ मध्ये 'चले जाव'ची हाक आली. दिनांक १६ ऑगस्ट १९४२, नागपंचमीचा दिवस. गावात मिरवणूक निघाली, पोलिसांनी गोळीबार केला व त्यात बालाजी रायपूरकर हा तरुण हुतात्मा झाला. मग लोकांचा बांध फुटला. डाकबंगला पेटला, उपविभागीय अधिकारी डुंगाजी व नायब तहसीलदार सोनवणे यांच्यासह पोलिसांचेही प्राण गेले. रस्त्यावर झाडे पाडली गेली, पूल तोडले गेले. दोन-तीन दिवस चिमुरात इंग्रजांचा अंमल चालला नाही. त्यानंतर सैन्य आले आणि गावातील घराघरांवर, विशेषतः स्त्रियांवर, जे अत्याचार झाले ते लिहिण्यास लेखणी धजत नाही. त्या अत्याचारांच्या चौकशीसाठी प्राध्यापक भन्साळी यांनी ६३ दिवसांचा उपवास केला, तो जानेवारी १९४३ मध्ये सुटला. चिमूर व आष्टी येथील अनेकांना फाशीच्या शिक्षा झाल्या. देशभर गलका झाल्यावर शेवटपर्यंत ज्यांच्या गळ्यापुढे दोर लटकत राहिला होता त्यांचीही शिक्षा सन १९४५ मध्ये जन्मठेपेत बदलली.

या सर्व धामधुमीत दिनांक २८ ऑगस्ट १९४२ रोजी महाराजांना चंद्रपूर येथे अटक झाली. नागपूर व रायपूर येथील तुरुंगात ठेवून डिसेंबरमध्ये त्यांची सुटका झाली. हाती शस्त्र नाही, खंजिरी आहे, अशा माणसाला सरकारने कोंडावे यावरून भजनाचे वजन सरकारलाही कळले होते असे म्हणावे लागते. जी गोष्ट त्या काळच्या कलेक्टर साहेबांना समजली, ती आपल्याकडील कित्येक शहाण्यांना अजून समजलेली नाही, व ते भजनाला म्हाताऱ्यांचा वेळ घालविण्याचा उद्योग समजतात.

मात्र चिमूरच्या रक्तपाताने पुढचा मार्गही बदलला असे दिसते. सुटून आल्यावर महाराजांनी संघटनेवर भर दिला. एका दिवसाच्या आवेशात गाव पेटू शकते, परंतु रोज पहाटे उठून गाव झाडण्यासाठी दुसरा धीर लागतो. तो धीर देण्याचे काम सेवा मंडळाने केले.

मंडळाची रीत ठरलेली असे. पहाटे सामुदायिक ध्यान, सायंकाळी सामुदायिक प्रार्थना. प्रार्थनेच्या जागी कोणत्याही देवाची मूर्ती नाही, फक्त एक आसन, ज्याला अधिष्ठान म्हणतात. त्यामुळे तेली, कुणबी, माळी, महार, गोंड, मुसलमान कोणीही एका ओळीत बसू शके. ज्या काळात विहिरीवरून भांडणे होत, त्या काळात एका सतरंजीवर अशी ओळ बसणे ही लहान गोष्ट नव्हती. कित्येक गावांत ही सतरंजी अंथरण्यावरूनच वाद झाले असतील, पण अंथरणारे हटले नाहीत.

प्रार्थनेनंतरचे काम अधिक कष्टाचे. ग्रामसफाईच्या दिवशी खराटे, फावडी, टोपली घेऊन मंडळी निघत. गल्ली झाडायची, उकिरडा गावाबाहेर न्यायचा, सडा-रांगोळी घालायची व त्याच स्वच्छ रस्त्यावरून शिस्तीत दोन रांगांनी रामधून काढायची. धानाच्या प्रदेशात पावसाळ्यानंतर गल्लीत गुडघाभर चिखल असतो हे ज्यांना माहीत आहे त्यांनाच या रांगोळीची किंमत कळेल. पुढे सन २००० पासून शासनाने संत गाडगेबाबांच्या नावाने ग्रामस्वच्छता अभियान सुरू केले व स्वच्छ ग्राम स्पर्धेला राष्ट्रसंतांचे नाव दिले. ते योग्यच झाले. फक्त एवढे खरे की तपासणी समितीची जीप येण्याच्या आदल्या रात्री गाव झाडणे वेगळे आणि कोणी पाहणार नसताना झाडणे वेगळे. कागदावर गाव स्वच्छ करण्यास तर खराटाही लागत नाही.

सन १९५५ मध्ये 'ग्रामगीता' प्रसिद्ध झाली. तिचे ४१ अध्याय आहेत व त्यांत ग्रामशुद्धी, ग्राम-आरोग्य, गोवंश-सुधार, महिलोन्नती, अंत्यसंस्कार इतके व्यवहाराचे विषय आहेत की तिला ओवीबद्ध ग्रामपंचायत म्हटले तरी चालेल. देणगीदारांनी मुद्दाम वाचावा असा 'देव-देवळे' हा अध्याय त्यात आहे. महाराज देवळाच्या विरोधात नव्हते. देऊळ गावाच्या सेवेचे, शिक्षणाचे व एकोप्याचे ठिकाण व्हावे, नुसते शिखर उंच करून देव प्रसन्न होत नाही, असा त्यांचा रोख होता. त्यामुळे जेथे जेथे जीर्णोद्धार होतो तेथे हा प्रश्न उभा राहतोच की सभामंडप बांधल्यावर त्यात रोज कोण बसणार. मार्बलची फरशी घालून गाभाऱ्याला कुलूप लावायचे असेल तर जुन्या मातीच्या देवळाने काय वाईट केले होते? उलट मंडपात सायंकाळी पोरे अभ्यासाला बसली, कपाटात चार पुस्तके राहिली, आजारी माणसाला दवाखान्यात न्यायचे तर बैठक तेथेच भरली, तर देणगीचा पैसा सत्कारणी लागला.

ब्रह्मपुरी तालुक्यातील अड्याळ टेकडी येथे गीताचार्य तुकारामदादा यांनी ग्रामगीतेतील गोष्टी प्रत्यक्षात आणण्याचा प्रयोग केला. उजाड टेकडीवर श्रमदान करून त्यांनी माणसे घडविली व ग्रामसभेचे महत्त्व गावकऱ्यांना पटविले. व्यसनमुक्तीचे काम तर या भागात कधी थांबलेच नाही. गडचिरोली जिल्ह्यात लोकांच्या आंदोलनानंतर १९९३ मध्ये दारूबंदी झाली. चंद्रपूर जिल्ह्यातील स्त्रियांनी सन २०१० मध्ये चिमूरहून नागपूरच्या विधानभवनापर्यंत पायी मोर्चा नेला व १ एप्रिल २०१५ पासून येथेही बंदी लागू झाली. ती सन २०२१ मध्ये उठविण्यात आली. बंदी असतानाही चोरून दारू येत होती हे सर्वांना ठाऊक आहे, त्यामुळे कोण बरोबर व कोण चूक याचा वाद चालूच राहील. परंतु ज्या घरातील कर्ता पुरुष सायंकाळी प्रार्थनेच्या ओळीत बसू लागला, त्या घराला शासनाच्या आदेशाची वाट पाहावी लागली नाही, असे जुन्या बायका सांगतात व त्यांचे म्हणणे खोडता येत नाही.

आज अनेक गावांत प्रार्थनेला सात-आठ वृद्धच दिसतात. तरुण मुले नागपूर, पुण्याला कामास गेली, जी राहिली त्यांच्या हातात मोबाईल आहे. यात केवळ मुलांचा दोष नाही. मोठ्यांनीही पदांवरून भांडणे केली, एका गावात दोन-दोन मंडळे झाली. तरीही ३० एप्रिलला ग्रामजयंती आली की तीच मुले सुटी काढून येतात, खराटा शोधतात आणि रामधूनच्या रांगेत पुढे उभी राहतात.

महाराजांचे महानिर्वाण ११ ऑक्टोबर १९६८ रोजी गुरुकुंज मोझरी येथे झाले. ती आश्विन वद्य पंचमी होती. दरवर्षी त्या तिथीला दुपारी ४ वाजून ५८ मिनिटांनी मौन श्रद्धांजली असते. मोझरीला लाखोंचा समुदाय उभा असतो, आणि ज्यांना तेथे जाणे जमत नाही ते आपल्या गावीच उभे राहतात. आपल्याकडे त्या दिवसांत धान लोंबीवर आलेला असतो. बांधावर काम करणारा माणूस घड्याळ पाहतो, हातातला विळा खाली ठेवतो, टोपी नीट करतो आणि मोझरीच्या दिशेला तोंड करून उभा राहतो.