पाय टेकणारी गाडी



गेल्या बैठकीत आमच्या एका ताईंनी गाडीसाठी कर्जाचा अर्ज ठेवला. मुलाला हवी असणार, असं आम्ही धरूनच चाललो. कोणती गाडी म्हणून विचारलं, तर म्हणाल्या, "ती लांबट, बुटकी. क्रूझर म्हणतात ती. जुनीच घेणार आणि मीच चालवणार." हशा झाला. आम्हीही हसलो, हे कबूल केलं पाहिजे. ताई गटांच्या कामासाठी आठ गावं फिरतात, शेवटची एसटी चुकली की मुक्काम पडतो. "यात हसायला काय झालं?" असं त्यांनी विचारलं, तेव्हा कुणालाच उत्तर देता आलं नाही. म्हणून आम्ही या गाड्यांचा इतिहास शोधायला बसलो.

आपल्याकडं मोठी मोटारसायकल म्हटली की बुलेट. ती खरी क्रूझर नव्हे, पण मोठी गाडी पुरुषाचीच, हे आपल्या मनात तिनंच बसवलं. गंमत म्हणजे तिचं घराणं शिवणाच्या सुईचं! इंग्लंडमधलं रेडिच गाव सुयांसाठी प्रसिद्ध होतं. तिथल्या जॉर्ज टाउनसेंड यांच्या सुयांच्या कारखान्यातून पुढं सायकली निघाल्या. नव्या मालकांनी एनफिल्डच्या सरकारी बंदूक कारखान्याला सुटे भाग पुरवले, त्यावरून रॉयल एनफिल्ड हे नाव पडलं. १९०१ साली त्यांची पहिली मोटारसायकल आली, १९३२ साली बुलेट. स्वातंत्र्यानंतर आपल्या सैन्याला आणि पोलिसांना ती गस्तीसाठी पसंत पडली. १९५५ मध्ये मद्रास मोटर्सबरोबर भागीदारी झाली आणि बुलेट मद्रासला तयार होऊ लागली. गावात ती आली ती फौजदाराची गाडी म्हणून. खटका दाबून, नेम धरून किक मारायची, नाहीतर किक उलटी पायावर यायची. बाईनं तिच्यावर बसायचं ते मागं, एका बाजूला पाय सोडून.

क्रूझरचा साचा मात्र अमेरिकेतला. तिथले रस्ते लांबलचक, दिवसभर बसून जायचं, म्हणून बैठक खाली, हँडल रुंद आणि पाय पुढं. हार्ले-डेव्हिडसन आणि इंडियन या तिथल्या जुन्या कंपन्या. दुसरीचं नाव इंडियन असलं तरी तिचा आपल्याशी काही संबंध नाही.

याच इंडियनच्या गाड्या घेऊन १९१६ साली ऑगस्टा आणि अ‍ॅडलिन व्हॅन ब्युरेन या दोघी सख्ख्या बहिणी न्यूयॉर्कहून निघाल्या आणि दोन महिन्यांनी पार दुसऱ्या किनाऱ्याला, लॉस एंजेलिसला पोचल्या. वाटेत चिखल, वाळवंट. चौदा हजार फुटांच्या पाईक्स पीक डोंगरावरही त्या गाडीनंच चढल्या. पोलिसांनी त्यांना अडवलं, पण वेगासाठी नाही. बायका असून विजारी घातल्या म्हणून! युद्धात निरोप पोचवण्याचं काम बायकाही करू शकतात, हे त्यांना दाखवायचं होतं. अ‍ॅडलिननं सैन्याकडं अर्ज केला, तो नाकारला गेला. हे वाचलं आणि आम्हाला आमचा हशा आठवला.

पुढं जपानच्या कावासाकीनं याच साच्यात एलिमिनेटर काढली. आपल्या पुण्याच्या बजाजनं त्यांच्याबरोबर २००१ साली लहान इंजिनाची एलिमिनेटर भारतात आणली आणि २००५ साली अ‍ॅव्हेंजर. ताईंच्या मनात हीच होती, २२० सीसीची. तिची बैठक ७३७ मिलिमीटर, म्हणजे एकोणतीस इंचांवर. घरोघरी असलेल्या स्प्लेंडरची एकतीसच्या जवळ. दोन इंचांनी काय होतं? ताईंची उंची पाच फूट. त्यांच्या दिरांच्या गाडीवर चवडे टेकतात, हिच्यावर पूर्ण पाऊल. शिवाय बटण स्टार्ट.

पण वजन दीडशे किलोच्या वर, पन्नास किलोच्या तीन पोत्यांहून जड. चालताना ते जाणवत नाही, गोठ्यापाशी मागं ढकलताना जाणवतं. लांबीमुळं बोळात वळायला जागा लागते. २०२० साली आलेली मीटिअर ३५० दिसायला देखणी, पण ती १९१ किलोची, आणि नवीचा हप्ता आठ गावांच्या मानधनात बसत नाही.

खरी अडचण वेगळीच निघाली. ताईंचं लायसन्स स्कूटीचं, बिगरगिअरचं. गिअरच्या गाडीला ते चालत नाही. पुन्हा लर्निंग काढावं लागलं. आणि आमच्या गटाला एक जुना चटका आहे. एका सदस्येनं कर्ज काढलं, तीन वर्षं हप्ते फेडले, पण आरसी मुलाच्या नावावर. त्यानं गाडी विकली, तेव्हा तिला विचारलंसुद्धा नाही. म्हणून या वेळी बैठकीत ठरलं की पैसे ताईंच्या खात्यात जातील आणि जुन्या मालकाच्या सहीचे फॉर्म २९ आणि ३० हातात पडल्यावरच पुढं दिले जातील. चासी नंबर आरसीशी जुळवून पाहायचा, विमाही ताईंच्याच नावावर करून घ्यायचा.

गाडी घ्यायला आम्ही चौघी गेलो. विकणाऱ्या दादांनी किल्ली पुढं केली ती ताईंच्या दिरांकडं. भाऊजींनी हात मागं घेतला आणि म्हणाले, "वहिनींना द्या."

नव्या आरसीची झेरॉक्स गटाच्या फायलीत लावली आहे. उलटं वळण घेताना ताई अजून एक पाय टेकवतात.