सोमलाआधीचा ईसीजी

एपीएल या रक्ताच्या कर्करोगावर सोमलाची सलाईन लावायची, तर आधी ईसीजी काढतात आणि रक्तातलं पोटॅशियम-मॅग्नेशियम पाहतात. पोटॅशियम ४ च्या वर हवं, मॅग्नेशियम १.८ च्या वर. उपचार सुरू झाल्यावरही या तपासण्या थांबत नाहीत. हरिहरेश्वरहून श्रीवर्धन, म्हसळा, माणगाव करत मुंबई गाठलेल्या घरच्यांना प्रश्न पडतोच: रोग रक्ताचा, मग पुन्हा पुन्हा तपासणी हृदयाची का? त्याचं नीट उत्तर मिळणं हा त्यांचा हक्क आहे.

सोमल म्हणजे आर्सेनिक ट्रायऑक्साइड. आपल्या रसशास्त्राला तो गौरीपाषाण म्हणून माहीत होता. ‘रसरत्नसमुच्चया’त त्याची गणना साधारण रसांत आहे आणि कारल्याच्या रसात त्याचं शोधन करतात. इंग्लंडात थॉमस फाउलर या डॉक्टरने १७८६ मध्ये आर्सेनिकचा काढा तापावर वापरल्याचं प्रसिद्ध केलं. पुढे १८६५ मध्ये जर्मनीत लिसाउअरने तोच ल्युकेमियावर दिला. नंतर क्ष-किरण आणि नवी औषधं आली, आणि सोमल विष म्हणूनच तेवढा लक्षात राहिला.

त्याला परत आणलं चीनमधल्या हार्बिनच्या डॉक्टरांनी. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला हान ताइयुन आणि झांग तिंगदोंग यांच्या हाती एक गावठी औषध आलं: सोमल, पाऱ्याचा क्षार आणि भेकाचं विष. यातलं काम कोण करतं, हे त्यांनी एकेक घटक वगळून पाहिलं. उरला सोमल. मला या सगळ्या कुळकथेत हीच पायरी सगळ्यात मोठी वाटते. गावठी म्हणून औषध फेकलं नाही आणि जुनं म्हणून डोक्यावरही घेतलं नाही. अमेरिकेत २००० साली त्याला मान्यता मिळाली. आपल्याकडे वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात विक्रम मॅथ्यूज, मॅमन चांडी आणि सहकाऱ्यांनी ७२ रुग्णांना निव्वळ सोमल दिला. २००६ मध्ये छापलेल्या निष्कर्षांनुसार सुमारे ८६ टक्के रुग्णांचा रोग पूर्ण आटोक्यात आला. महागडी औषधं न परवडणाऱ्या देशासाठी ही केवढी मोठी गोष्ट!

पण त्याच २००० साली जपानमधल्या हामामात्सूच्या ओनिशी यांनी सावध केलं. सोमल घेणाऱ्या रुग्णांच्या ईसीजीत क्यूटी हे अंतर लांबत होतं आणि काहींच्या हृदयाचे ठोके मध्येच बेफाम होत होते. अशा ठोक्यांचा एक जीवघेणा प्रकार पॅरिसच्या देसर्तेन यांनी १९६६ मध्येच नोंदवला होता. त्यात ईसीजीची टोकं पीळ घातल्यासारखी फिरत जातात.

प्रत्येक ठोक्यानंतर हृदयाच्या पेशींतून पोटॅशियम त्याच्यासाठीच्या दारांवाटे बाहेर पडतं, तेव्हाच त्या पुढच्या ठोक्याला तयार होतात. या तयारीला लागणारा वेळ क्यूटीत दिसतो. एकहार्ड फिकर आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये दाखवलं, की सोमल पोटॅशियमची ही दारं बंद करत नाही. पेशीत नव्याने घडणारी दारं तिच्या पृष्ठभागापर्यंत पोचूच देत नाही. त्यामुळे परिणाम एका सलाईनपुरता नसतो, तो दिवसागणिक साचतो. त्यात रक्तातलं पोटॅशियम घटलं, तर आहेत ती दारंही मंदावतात. म्हणून एकदाच ईसीजी काढून भागत नाही. ठोक्यांच्या वेगाचा हिशोब धरून क्यूटी ५०० मिलिसेकंदांच्या, म्हणजे अर्ध्या सेकंदाच्या पुढे गेला, की डॉक्टर औषध थांबवून आधी क्षार सावरतात.

हरिहरेश्वरच्या नारळीच्या वाड्यांत आजाऱ्यासाठी शहाळं उतरवणं ही मायेची रीत. शहाळ्याच्या पाण्यात पोटॅशियम भरपूर असतं हे खरं. पण मूत्रपिंडं कमजोर असतील तर तेच पोटॅशियम साचून हृदयाला घातक ठरतं, तेव्हा आजचा रिपोर्ट पाहून डॉक्टरांनी होकार दिला तरच शहाळं द्यावं. जुलाब-उलट्यांनी पोटॅशियम उतरतं, तेही लगेच कळवावं. आणि उलटीवर सर्रास मिळणारी ओन्डॅनसेट्रॉनची गोळी, बुरशीवरचं फ्लुकोनॅझोल, ही औषधंही क्यूटी लांबवतात. सुट्टीत घरी आलेल्या रुग्णासाठी गावच्या दवाखान्यातून किंवा दुकानातून काहीही घेताना सोमल चालू असल्याचं आधी सांगायलाच हवं.