शाळेचा निकाल आणि शाळेचा पट



गिरणीत विणकराची मजुरी कापडावर ठरे. सूत कच्चे आले की धागा वरचेवर तुटे, माग थांबे, कापड कमी निघे आणि पगाराच्या दिवशी हातात पडणारी रक्कम घटे. सूत कसे होते, हे पगारपत्रकावर लिहिलेले नसे. आम्ही कामगारांत वावरणारी माणसे. शिक्षणशास्त्राची पदवी आमच्यापाशी नाही. तथापि प्राथमिक शाळांच्या निकालाचे तक्ते पाहिले म्हणजे आम्हांस ते पगारपत्रक आठवते. निकाल अमुक टक्के असे छापतात. पटावर कोणाची मुले होती आणि त्यांतली किती टिकली, हे कोणी छापत नाही. ही चाल आजची नव्हे. तिचा इतिहास थोडक्यात सांगावा, एवढाच आमचा हेतू आहे.

इंग्लंडात १८६२ साली रॉबर्ट लो या मंत्र्याने शाळांच्या अनुदानाची नवी नियमावली अमलात आणली. तिचे सूत्र असे की जसा निकाल तसा दाम. सहा वर्षांवरील प्रत्येक मुलामागे चार शिलिंग हजेरीचे आणि आठ शिलिंग परीक्षेचे. वाचन, लेखन व अंकगणित या तीन विषयांपैकी ज्यात मूल नापास होईल, त्या प्रत्येकापायी दोन शिलिंग आठ पेन्स कापले जात. सरकारचा खर्च खचित वाचला. १८६१ साली अनुदान सुमारे ८ लाख १३ हजार पौंड होते, ते १८६५ साली सुमारे ६ लाख ३७ हजारांवर आले. पण शाळेत काय घडले? गुरुजी वाचनाचे पुस्तक मुलांकडून तोंडपाठ करून घेऊ लागले. ज्या विषयांवर पैसा नव्हता, ते इतिहास-भूगोल मागे पडले. कवी म्हणून प्रसिद्ध असलेले मॅथ्यू आर्नोल्ड हे स्वतः शाळा-तपासनीस होते. त्यांनी या पद्धतीला उघड विरोध केला. मजुराचे मूल कामापायी शाळा बुडवी, तेव्हा हजेरीचा दाम बुडे. ते नापास होई, तेव्हा परीक्षेचा बुडे. म्हणजे ज्या शाळेत गरिबांचा भरणा अधिक, तिलाच कात्री अधिक. १८९० नंतर ही पद्धत टप्प्याटप्प्याने मागे घेण्यात आली.

हेच माप जहाजात बसून आमच्याकडेही आले. मुंबई इलाख्यात खाजगी शाळांच्या अनुदानाचे नियम याच धर्तीवर बेतले गेले. १८८२ साली सर विल्यम हंटर यांच्या अध्यक्षतेखाली शिक्षण आयोग नेमला गेला. त्याने प्राथमिक शाळांची मदत बव्हंशी परीक्षेच्या निकालावर ठरवावी असे सुचविले. मात्र मागास भागांतील शाळांना निराळे नियम लावण्याची मुभा ठेवली. म्हणजे एकच गज सर्वांना पुरत नाही, हे आयोगालाही मनोमन पटले होते! त्याच आयोगापुढे १९ ऑक्टोबर १८८२ रोजी पुण्याच्या जोतीराव फुल्यांनी आपले निवेदन दिले. सरकारी महसूल रयतेच्या घामातून येतो आणि तिच्याच मुलांच्या शिक्षणावर अल्प खर्च होतो, हे त्यांनी रोखठोक मांडले. निदान बारा वर्षांपर्यंत शिक्षण सक्तीचे करा, असे सांगितले. आणि गरिबाचे मूल गुरे व शेत राखण्यास घरी लागते, म्हणून त्याला शिष्यवृत्त्या व बक्षिसे अधिक द्या, असेही सांगितले. आयोगाने निकालाकडे पाहिले. फुल्यांनी पटाकडे पाहिले. निकालावर दाम देण्याची ही पद्धत पुढे १९०४ साली लॉर्ड कर्झनच्या सरकारनेच सदोष ठरविली.

दाम गेला, पण दृष्टी गेली नाही. १२ मार्च १९२७ रोजी मुंबई कायदेमंडळात डॉ. आंबेडकरांनी दाखवून दिले की पहिलीत आलेल्या शंभर मुलांपैकी अठराच चौथीस पोहोचतात. १९२९ च्या हारटॉग समितीनेही हाच आकडा मांडला आणि दुखण्याला दोन नावे दिली : मुलांची गळती आणि एकाच इयत्तेत अडकून राहणे. बंधूंनो, चौथीचा निकाल शंभर टक्के लागला असता, तरी तो या अठरांचाच असता. उरलेली ब्याऐंशी कोणत्या तक्त्यात शोधावीत?

आम्ही स्वतः त्या तक्त्याची एक ओळ आहोत. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या गिरण्यांत संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले. आम्ही गिरणगावातील एका महापालिका शाळेत सहावीत होतो. जूनमध्ये सातवीत गेलो, तो बाकावर तिघे बसत होतो तेथे दोघेच राहिलो. कोणाला कोकणात, कोणाला साताऱ्याकडे गावी धाडले होते. कोणी हॉटेलात कपबशा विसळत होता. गुरुजी नाव पुकारीत, क्षणभर थांबत आणि पुढचे नाव घेत. काही दिवसांनी त्या नावांवर तांबडी रेघ आली. वर्षअखेर वर्गाचा निकाल आधीच्या वर्षाहून चांगला लागला. ज्यांना अधिक शिकवायला हवे होते, ती मुले हिशेबातच नव्हती.

कोणी म्हणेल, याने शिक्षकांना सबब मिळेल. तसे नाही. विणकरही कधी आळस करतो, आणि शिक्षकाला जाब विचारलाच पाहिजे. शिवाय गरिबाचे मूल म्हणजे कच्चे सूत नव्हे. कच्चे आहे ते त्याच्या घरचे अन्न, राहण्याची जागा आणि बापाचे काम. १ एप्रिल २०१० पासून सहा ते चौदा वर्षांच्या मुलांना शिक्षणाचा हक्क कायद्याने मिळाला. २०१९ च्या दुरुस्तीने पाचवी व आठवीत नापास मुलास मागे ठेवण्याची मुभा राज्यांना मिळाली. मागे ठेवलेले मूल पुढे शाळेत टिकते की गळते, हे मोजल्यावाचून ही मुभा वापरणे म्हणजे १८६२ चाच गज पुन्हा हाती घेणे होय.

म्हणून आमचे मागणे साधे आहे. शाळेचा निकाल लावा, अवश्य लावा. पण त्याच कागदावर आणखी तीन रकाने आखा. पहिलीत किती आली? मध्येच किती गेली, आणि का गेली? त्यांचे आईबाप काय काम करतात? हे रकाने भरले, की शाळेला दोष द्यावा की मदत द्यावी, हे नगरपित्यांना आणि तुम्हा-आम्हाला आपोआप समजेल.