व्हिएन्ना, १९११ : मुक्काम वाढतो

सप्टेंबर १९११. वेस्टबानहोफ स्टेशनाबाहेर पडलात की पेटी हमालाकडे द्या आणि रस्ता खुशाल ओलांडा. इथली वाहनं डाव्या बाजूनं धावतात, ट्रामसुद्धा, तेव्हा मुंबई-पुण्याच्या माणसाला मान वळवायची सवय बदलावी लागत नाही. ही रहदारी १९३८ साली उजवीकडे जाईल. का, ते तुम्हाला माहीत आहे, पण इथं कुणाला सांगायचं नाही. पुढचं बोलायचं नाही, एवढाच या मुक्कामाचा नियम.

खोली मिळते योसेफश्टाट भागात, एका कारकुनाच्या विधवेकडे. तिसऱ्या मजल्यावर पलंग, तस्त, पाण्याचा जग आणि एक शेगडी. कोळशाचे पैसे वेगळे. पासपोर्ट कुणी विचारलेला नाही, पण पोलिसांसाठी ‘मेल्डेत्सेटेल’ नावाचा कागद भरून द्यावाच लागतो. त्यात धर्माचा रकाना आहे. तुमचं उत्तर बाई दोनदा वाचते, चष्मा पुसून तिसऱ्यांदा वाचते, आणि विचारते, सकाळी अंडं चालेल का?

घर जुनं आहे. मधे चौक, चौकाभोवती लाकडी गॅलऱ्या, आणि सगळ्या बिऱ्हाडांत मिळून एकच नळ. गिरगावातल्या चाळीत वाढलेल्या माणसाला या नळावरच्या बायकांचं भांडण भाषा न कळताही समजेल. या नळाला ते ‘बासेना’ म्हणतात. पण पाणी! पहिला घोट घेतल्यावर तुम्ही पेला खाली ठेवून त्याच्याकडे बघाल. हे आल्प्समधल्या झऱ्यांचं पाणी आहे. १८७३ साली पहिली जलवाहिनी आली, गेल्याच वर्षी, १९१० मध्ये, दुसरी. ती तर जवळपास १८० किलोमीटर लांबून येते, आणि दोन्ही पंपाशिवाय, निव्वळ उतारावरून. त्याआधी या शहरात विषमज्वर घर करून होता. संगीताबद्दल व्हिएन्नाचं पुष्कळ कौतुक होतं. माझ्या मते पाण्याचं त्याहून जास्त व्हायला हवं.

हेच पाणी कॅफेत चांदीच्या तबकातून येतं, कॉफीच्या कपाशेजारी, न मागता. पेला रिकामा झाला की पुन्हा भरलेला येतो, दुसरी कॉफी मागवली नाही तरी. हेरेनगासेवरच्या कॅफे सेंट्रालमध्ये जा. ‘कॉफी’ मागू नका. वेटर थांबून राहील, कारण कॉफी असा काही पदार्थ त्याच्याकडे नाही. मेलांज आहे, ब्राउनर आहे, कापुत्सिनर आहे. दुधाच्या प्रमाणानुसार नाव बदलतं. वर्तमानपत्रं वेताच्या चौकटीत ताणून लावलेली असतात, बर्लिनपासून पॅरिसपर्यंतची. वेटर दुसऱ्या दिवशी तुम्हाला ‘हेर डॉक्टर’ म्हणेल. तुम्ही डॉक्टर नाही हे त्यालाही कळतं. चष्मा असेल तर प्राध्यापक व्हाल, टिप चांगली दिलीत तर थेट बॅरन.

तुम्ही स्त्री असाल आणि एकट्या असाल, तर इथं कॉफीबरोबर नजराही मिळतील. कोलमार्क्टवरचं डेमेलचं दुकान बरं. तिथं बायकांचंच राज्य आहे आणि केक कॅफेपेक्षा सरस.

सेंट्रालमध्ये प्रसिद्ध माणसं शोधत बसू नका. ती आहेतच. पेटर आल्टनबेर्ग हा लेखक पत्ता म्हणून कॅफेचंच नाव देतो. बुद्धिबळाच्या पटापाशी चष्मेवाला एक रशियन पत्रकार येतो, ट्रॉट्स्की नावाचा. टक लावून बघू नका, त्याचं लक्ष पटावर आहे. त्यापेक्षा शेजारचा म्हातारा बघा, जो एका कपावर चार तास काढतो. तो इथं रसिकतेपायी येत नाही. त्याच्या घरी खोली एक, माणसं पाच, आणि शेगडी कोळसा पुरवून वापरायची. कॅफेत ऊब आहे, उजेड आहे, वर्तमानपत्र फुकट आहे. या शहराच्या ज्या बैठकीचं जग कौतुक करतं, तिच्यामागे घरांची टंचाई आहे. भाडी इतकी की गरीब बिऱ्हाडं दिवसा रिकामी राहणारी खाटही भाड्यानं देतात, रात्रपाळीच्या कामगाराला.

ही गोष्ट तुम्हाला पहिल्याच महिन्यात दिसेल. १७ सप्टेंबर, रविवार. महागाईविरुद्ध प्रचंड मोर्चा राटहाउससमोर, म्हणजे नगरभवनासमोर, जमतो: मांस महाग, पाव महाग, भाडं तर विचारूच नका. दुपारनंतर ओटाक्रिंगच्या कामगार वस्तीत दंगल पेटते, सैन्य गोळ्या झाडतं, माणसं मरतात. संध्याकाळी घरमालकीण खिडक्या लावून घेते. दुसऱ्या दिवशी तुमच्या पुढ्यात येतात आलुबुखाऱ्याचे क्न्योडल: बटाट्याच्या पिठात अख्खं फळ, बी काढून तिथं साखरेचा खडा, उकडून तुपकट पावाच्या चुऱ्यात घोळवलेले. मांस परवडत नाही म्हणून आज जेवण हेच, असं बाई सरळ सांगते. तुम्ही सहा खाता. तिचा चेहरा पहिल्यांदा उजळतो.

रात्रीची एक अडचण समजून घ्या. खोलीची किल्ली तुमच्याकडे असते, इमारतीच्या दाराची नसते. दहा वाजले की दार बंद. मग घंटा वाजवायची आणि हाउसमाइस्टर, म्हणजे इमारतीचा राखणदार, सपाता फरफटत येईपर्यंत थंडीत उभं राहायचं. त्याच्या हातावर नाणं ठेवायचं. त्या नाण्याला ‘श्पेरझेक्सर्ल’ असं स्वतःचं नाव आहे. त्यामुळे संध्याकाळचे दोनच प्रकार उरतात: पावणेदहाला धावत घर गाठायचं, किंवा नाणं वसूल होईल इतका उशीर करायचा. ऑपेराच्या उभ्या जागेचं तिकीट स्वस्त आहे. पाय दुखतात, पण नाणं वसूल होतं.

सप्टेंबरअखेरीस शॉटनटोरहून ३८ नंबरची ट्राम पकडून ग्रिनत्सिंगला जा. ज्या दारावर पाइनच्या फांद्यांची जुडी लटकलेली असेल, तिथं द्राक्षमळेवाला स्वतःची दारू विकतो. ही मुभा सम्राट दुसऱ्या योसेफच्या १७८४च्या फर्मानानं मिळाली. लोक जेवण घरून बांधून आणतात, कुणाला त्यात वावगं वाटत नाही. या दिवसांत मागायचा तो ‘श्टुर्म’: अर्धवट आंबलेला, गढूळ, गोड द्राक्षरस, ज्याच्या बाटलीला घट्ट बूच लावत नाहीत, नाहीतर फुटेल. लिंबूसरबतासारखा पोटात उतरतो आणि उठताना गुडघ्यांत सापडतो. शुद्धीवर असताना आधी जवळच्या दफनभूमीत जाऊन या. संगीतकार माहलरला मे महिन्यातच तिथं पुरलंय. दहा वर्षं त्यानं इथल्या ऑपेराचा कारभार पाहिला, आणि वैतागून गेला. आता सगळेच म्हणतात की तो आमचा होता.

ऑक्टोबरात कोपऱ्याकोपऱ्यावर चेस्टनट भाजणाऱ्यांच्या शेगड्या लागतात. कागदाच्या पुडीतले अर्धे खायचे, अर्धे खिशात ठेवून बोटं शेकायची. प्राटरच्या हाउप्टआलेवर साडेचार किलोमीटरभर चेस्टनटची झाडं आहेत, पण ती वेगळ्या जातीची. त्यांची फळं पोरं खेळायला वेचतात, खायची नसतात.

१ नोव्हेंबरला ७१ नंबरच्या ट्रामला लोंबकळून अर्धं शहर त्सेंट्रालफ्रीडहोफ या दफनभूमीकडे निघतं. शेवंतीची फुलं, मेणबत्त्या, पोरं, डबे. बेथोव्हेन आणि शूबर्ट इथं १८८८ साली हलवून आणले, नंतर ब्राह्म्स आणि योहान श्ट्राउस येऊन शेजारी झाले. बाई तुम्हाला त्यांच्याकडे नेत नाही. नवऱ्याच्या थडग्यावरचं शेवाळ खरवडायला ती तुमचा चाकू मागते आणि दगडाची एक बाजू तुमच्याकडे सोपवते. दहा दिवसांनी, मार्टिनच्या सणाला, भाजलेला हंस खायची ऐपत ज्यांची असते ते खातात. त्याच दिवसापासून यंदाची दारू ‘नवी’ ठरते आणि गेल्या वर्षीची जुनी.

तुम्ही नोव्हेंबरात निघणार होतात. पण राजवाड्यासमोर, मिशाएलरप्लात्सवर, वास्तुकार आडोल्फ लोसनं शिंप्यांच्या एका बड्या दुकानासाठी बांधलेली इमारत उभी आहे: खाली हिरवट संगमरवर, वर कोरी पांढरी भिंत आणि नक्षी नसलेल्या खिडक्या. लोक तिला भुवया नसलेलं घर म्हणतात. महापालिकेनं काम थांबवून पाहिलं होतं. रोज संध्याकाळी तिथं घोळका वाद घालत असतो, आणि आता तुमचंही त्यात मत आहे. तुमच्या मते ती भिंत ठीक आहे. घरमालकीण म्हणते, उघड्यावर अंघोळ केल्यासारखी दिसते. ११ डिसेंबरला सोफियनझालमध्ये लोस स्वतः या घरावर बोलणार आहे. बाईला तिकीट तुम्हीच काढून द्यायचंय, तिनं तसं बजावलंय, आणि डिसेंबरचा कोळसाही तिनं तुमच्या नावावर लिहून टाकलाय.